कड न घेणाऱ्या बाई

बाई भाकरी कडेपासून खायच्या. घास मोडायचा तो कडेचा, मग ताटातली भाकरी जराशी फिरवायची आणि पुन्हा कडेचा. अशी पूर्ण फेरी झाली की उरलेला मऊ गोल त्या शेवटी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर संपवत. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र करत होते. म्हणाल्या, "पोरी, भाकरी कच्ची हाय का करपली, थापणारीचा हात कसा हाय, सगळं कडंला कळतंय. मधी काय, सगळ्यांच्याच भाकरी सारख्या."

त्यांची नोकरीच कडा बघण्याची होती. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या फोटो विभागात होत्या. मोबाइलमध्ये कॅमेरा यायच्या आधीचा तो काळ. कॅमेऱ्यात रोल घालायचा, फोटो काढायचा, रोल धुऊन निगेटिव्ह करायचं. एखाद्या गुन्ह्यात निगेटिव्ह सापडलं की ते कोणत्या कॅमेऱ्यातून आलं, हे सांगण्याचं काम बाईंकडे यायचं. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे धातूची एक छोटी चौकट असते आणि तिच्यातून जेवढा उजेड येतो तेवढाच फोटो. ही चौकट कारखान्यात कितीही नीट घासली तरी कुठे एखादं कुसळ राहतं, कुठे रंगाचा पापुद्रा उडतो, कुठे दुरुस्ती करणाऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. तो दोष त्या कॅमेऱ्यातल्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर उमटत राहतो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही, कारण मोठा फोटो छापताना कड झाकली जाते. बाई नेमकी तीच बघायच्या. "मधलं चित्र मानसाचं," त्या म्हणायच्या. "मानूस नटतो, हसतो, खोटं बोलतो. कडंला नटता येत न्हाई."

देगलूरकडच्या खेड्यातून त्या शिकायला नांदेडला आल्या, एम. एस्सी. झाल्या आणि नोकरीनिमित्त बाहेर राहूनही नांदेडचं घर त्यांनी सोडलं नाही. गावची बोलीही सोडली नाही, कोर्टातसुद्धा. एका बड्या वकिलाने साक्षीच्या वेळी खोचून म्हटलं, "मॅडम, जरा शुद्ध बोलाल का?" त्यावर बाई म्हणाल्या, "बोली गावची हाय, भिंग सरकारचं हाय. तुम्हाला कशाबद्दल शंका हाय ते सांगा." वकील मंडळींनी त्यांना 'कडूबाई' असं नाव ठेवलं होतं. आमच्याकडे खेड्यात हे नाव खरोखरच ठेवतात, त्यामुळे नव्या शिपायाला ते खरं वाटायचं. तो बाहेर येऊन "कडूबाई हाजिर है?" असा पुकारा करायचा आणि बाई "हाजिर" म्हणून शांतपणे आत जायच्या.

कड घेणं म्हणजे बाजू घेणं, हे मराठी माणसाला सांगायला नको. बाईंचं आयुष्यभराचं वाक्य याच शब्दावर उभं होतं. "मी कड बघते. कड घेत न्हाई." आणि हे फक्त कोर्टापुरतं नव्हतं. शेजारच्या दोन भावांत सामाईक भिंतीवरून वाद पेटला, दोघेही बाईंना मध्ये घ्यायला आले, आणि दोघेही हात हलवत परत गेले. पुतणीच्या लग्नात कुणीतरी त्यांना "तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?" असं विचारलं. "मी जेवणाकडची," बाई म्हणाल्या आणि सरळ पंगतीला जाऊन बसल्या.

अशा बाईंशी माझी पहिली गाठ पडली ती दारातून हाकलून दिल्यामुळे. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तेव्हाची माझी अवस्था पाहता तो यायलाच हवा होता, आजही मला त्याचं काही वाटत नाही.

उदगीरला आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाच्या ऑर्डरी हे सगळं होतंच, पण स्टुडिओचं नाव झालं होतं ते दाखवायच्या फोटोंसाठी. मुलगी लग्नाची झाली की स्थळांना पाठवायला तिचा एक फोटो काढतात, तो दाखवायचा फोटो. त्यासाठी आया बाबांकडेच यायच्या. बाबा फोटो चांगला काढत हे झालंच, पण मुख्य म्हणजे पोरीचं निगेटिव्ह बाबांच्या कपाटातून इकडेतिकडे जायचं नाही, असा गावाचा विश्वास होता. आमचा सगळा धंदा त्या विश्वासावर चालला होता.

आणि नेमक्या त्याच विश्वासावर घाला आला. गावातल्या एका शिक्षकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना एक पाकीट आलं. आत फोटो होता. उदगीरच्या किल्ल्यात पायऱ्यांवर ती मुलगी कॉलेजातल्या एका मुलाशी बोलत बसली होती, आणि फोटो लांबून, लपून काढलेला होता. फोटो जोडून केलेला नाही हे पटावं म्हणून पाठवणाऱ्याने सोबत निगेटिव्हचा तुकडाही घातला होता. लग्न मोडलं. शिक्षक पोलिसांत गेले. त्या मुलीचा दाखवायचा फोटो थोड्याच दिवसांपूर्वी आमच्याकडे काढलेला होता, म्हणून पोलीस आधी आमच्याकडे आले. निगेटिव्ह समोर धरून त्यांनी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हे माझ्या कॅमेऱ्याचं नाही."

बाबा खोटं बोलले होते. स्वतःचं निगेटिव्ह त्यांना अंधारातही ओळखू आलं असतं. त्यांच्या कॅमेऱ्याच्या चौकटीला धातूचं एक कुसळ होतं. ते प्रत्येक फ्रेमच्या खालच्या कडेवर दातासारखं उमटायचं आणि बाबा त्याला लाडाने 'आमचा दात' म्हणायचे. पण हा फोटो काढला गेला तेव्हा कॅमेरा स्टुडिओत नव्हताच. माझ्या आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या मामांनी, तो चार दिवसांसाठी मागून नेला होता. शिक्षकांची मुलगी त्यांना आपल्या धाकट्या भावासाठी हवी होती आणि शिक्षकांनी नकार दिला होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कॅमेरा कुणी नेला होता हे मात्र फक्त बाबांना आणि आत्याला माहीत होतं, आणि बाबांनी आत्याला शपथ घालून गप्प केलं होतं. आमच्याकडे जावयाचं नाव पोलिसांत देत नाहीत. दिलं तर बहिणीला त्या घरात पाणीसुद्धा मिळणार नाही, असा त्यामागचा हिशेब. म्हणून बाबांनी सगळं स्वतःवर ओढून घेतलं. कॅमेरा जप्त झाला आणि निगेटिव्हसोबत बाईंकडे गेला.

कॅमेरा मामांकडे गेला होता हे मला ठाऊक नव्हतं. मी लातूरला लॉ कॉलेजात शिकत होते, आणि बाबा निर्दोष आहेत एवढं मला पुरेसं होतं. आत्याला घेऊन मी एसटीने नांदेड गाठलं, पत्ता विचारत विचारत बाईंच्या दारात उभी राहिले. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. बाईंनी दार उघडलं, जाळीचं दार मात्र लावलेलंच ठेवलं. मी केसचं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"केसमधल्या मानसाकडचं पाणी मी पीत न्हाई," त्या म्हणाल्या, "आन त्याला पाजतबी न्हाई. कोपऱ्यावर रांजण हाय, थंड पाणी हाय. तिथं प्या."

उन्हातून आलेल्या माणसाला दारात पाणी न देणं म्हणजे आमच्याकडे शिवी दिल्यासारखंच. मी तावातावाने बोलू लागले, माझे बाबा देवमाणूस आहेत, तुम्ही एकदा त्यांना बघा. बाई ऐकून घेत होत्या, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मागे उभ्या राहिलेल्या आत्याकडे त्या बघत होत्या. "तुमच्यापाशी सांगण्यासारखं काही असल," त्या आत्याला म्हणाल्या, "तर ते मला सांगून उपेग न्हाई. कोर्टात सांगा." आणि आतलं दारही लागलं. परतीच्या एसटीत आत्या देगलूर येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

बाईंचा अहवाल आला. निगेटिव्ह याच कॅमेऱ्याचं आहे. आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. घरात चूल पेटली नाही. उदगीरच्या बाजारात एकच वाक्य फिरू लागलं, "सरकारी बाईनंच सांगितलं, कॅमेरा त्याचाच हाय."

साक्षीच्या दिवशी बाई पांढऱ्या सुती साडीत, खांद्याला पिशवी आणि तिच्यात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आल्या. सरकारी वकिलांनी अहवाल वाचून घेतला आणि समाधानाने विचारलं, "म्हणजे हा फोटो आरोपीनेच काढला, असंच ना?"

"असं मी म्हणले न्हाई," बाई म्हणाल्या. "कॅमेरा ह्यांचा हाय. बटणावर बोट कुणाचं व्हतं, ते कडंवर उमटत न्हाई."

"पण कॅमेरा त्यांच्याच ताब्यात असतो ना?"

"तुमची गाडी तुमच्या ताब्यात असती. काल ती कोण चालवत व्हतं, ते मी टायर बघून सांगू का?"

कोर्ट हसलं. सरकारी वकील चिडले. बाई लोकांना बिथरवतात असं काहीतरी म्हणाले. मग आमच्या वकिलांना जोर चढला. ते उठून म्हणाले, "असा दात दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्यालाही असू शकतो, हे मान्य आहे ना तुम्हाला?"

"असू शकतो की. आणा. मी बघते." आणि वकील खाली बसत नाहीत असं पाहून पुढे म्हणाल्या, "दाताचा आकार, तेच्या बाजूचे ओरखडे, पापुद्रा, समदं जुळतंय. दुसरा कॅमेरा आणत न्हाई तवर ह्यो ह्यांचाच."

दोन्हीकडच्या वकिलांना एकाच सकाळी वैरी करून त्या निघाल्या. दोन्ही बाजूंनी त्यांना आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला होता. एका पावलापुरतं सरकणं, इतकंच मागितलं जात होतं, आणि ती बाई सरकली नाही. पुढे मी स्वतः वकील झाले, कितीतरी तज्ज्ञ साक्षीदार पाहिले. समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'बहुतेक'चं 'नक्की' करून टाकणारे भले लोकही पाहिले. त्या सकाळची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की हिने बाबांना वाचवलं नाही.

कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, आत्या बाबांच्या समोर उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "बोट कुणाचं ते मला ठाऊक हाय."

बाबा म्हणाले, "गप बस. तुझ्या संसाराचं वाटोळं होईल."

"संसार माझा हाय, बोट तेचं हाय. तू कशापायी झिजून राहिलास?"

पुढच्या तारखेला आत्याने साक्ष दिली. कॅमेरा तेव्हा तिच्या घरी होता, किल्ल्यावर कोण गेलं होतं, पाकिटावर पत्ता कुणी लिहिला, सगळं सांगितलं. डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि आवाजही खाली येऊ दिला नाही. बाबा सुटले. मामांना शिक्षा झाली ती किरकोळ. आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती परत गेली नाही, आणि कुणी हळहळायला आलं तर ती त्या माणसालाच झापायची.

पण गावाने बाबांना सोडलं नाही. निकाल कोर्टाचा असतो, बाजाराचा नसतो. "सुटला खरा, पण कॅमेरा तर त्याचाच होता ना?" असं लोक म्हणत, आणि यात खोटं काही नव्हतं, हाच तर त्रास होता. दाखवायच्या फोटोंना एकही आई येईना. बाबा रोज स्टुडिओ झाडायचे, पडद्यावरची धूळ झटकायचे आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचे. कोर्टाने परत केलेला कॅमेरा जप्तीच्या लाखेच्या खुणांसकट कपाटात पडून होता. त्याला ते हात लावत नव्हते.

मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, बाई आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या. खांद्यावर तीच पिशवी, पण बाटली दिसत नव्हती. मी सुट्टीला घरी आले होते, स्टुडिओत बाबांजवळ बसले होते. आम्ही दोघंही उभे राहिलो. बाई आपणच बाकावर बसल्या.

"पाणी दे पोरी," त्या म्हणाल्या. "आता चालतंय."

मी तांब्या दिला. त्यांनी वरून धार धरून सगळा तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाल्या, "माझा दाखवायचा फोटो काढा."

बाबांना वाटलं, थट्टा करतायत. बाईंनी लग्न केलं नव्हतं आणि केस पांढरे झाले होते. "मॅडम, माझी चेष्टा करताय का?"

"चेष्टा कशाला? माझा कधी काढलाच न्हाई कुणी. गावाला दाखवायचा हाय. त्याच कॅमेऱ्यानं काढा. आन एक ध्यानात ठेवा, कड कापायची न्हाई."

बाबांनी कपाटातून कॅमेरा काढला. रोल भरताना दोनदा फिल्म सटकली. बाई खुर्चीवर ताठ बसल्या, पदर सारखा केला नाही, केसही नाही. हसा म्हटलं तर हसल्याही नाहीत. कडेसकट फोटो छापायचा तर छापण्याच्या यंत्रातली चौकट लहान पडत होती. बाबांनी ती कानशीने घासून मोठी केली. घासताना ते रडत होते. मला ते दिसतंय हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत.

फोटो आला. भोवती काळी किनार, आणि खाली बाईंच्या पदराजवळ तो काळा दात, चित्रात घुसलेला. बाबांनी तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. बाजारात येणाऱ्या बाया थांबायच्या, विचारायच्या, "ह्या कोण?" मग त्यांच्यातलीच एखादी सांगायची, "अगं, कॅमेरा ह्यांचाच म्हणून जिनं कोर्टात सांगितलं, तीच ही." आणि त्या पुन्हा एकदा फोटोकडे बघायच्या. कॅमेरा कुणाचा हे जिने सांगितलं, तीच त्याच्यासमोर येऊन बसली होती. पहिली आली ती आडतबाजारातल्या एका घरची सून, तान्ह्या लेकराला घेऊन. नंतर हळूहळू मुलीही आल्या.

मी नांदेडला वकिली सुरू केली ती बाईंच्या घराजवळ खोली घेऊन. रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की त्या मला घेऊन पाणी बघायला जायच्या आणि तिथेही धारेकडे न बघता काठावरच्या खुणांवरून पाणी कुठवर चढलं ते सांगायच्या. एकदा जेवताना मी धीर करून विचारलं, "बाई, बाबांच्या खटल्यात तुम्हाला काय वाटत होतं? त्यांनीच केलं असं वाटलं होतं का?"

"लई वाटत व्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी दारात आलात, तवा वाटलं हेनी केलं नसंल. तुझ्या आत्याचं तोंड बघून तर खात्रीच झाली. म्हणून तर दार लावलं. अजून जरा उभी ऱ्हायले असते तर कड घेतली असती मी." मग चटणीची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पाण्याचं मात्र वाईट वाटलं. उन्हातून आला व्हता तुम्ही."

मला तेव्हा रडू आलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. त्यांचा पुतण्या माझ्याकडे आला. घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मी उदगीरला फोन केला. बाबा आता थकले आहेत, स्टुडिओही बंद आहे, पण ते निगेटिव्ह त्यांनी आत्याकरवी लगेच पाठवलं. ते घेऊन मी नांदेडच्या एका डिजिटल फोटोच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते स्कॅन केलं, पडद्यावर मोठं केलं आणि माउस सरकवत म्हणाला, "फोटो भारी हाय मॅडम. ही काळी किनार काढतो आन् खालचा डाग पुसून टाकतो. एका मिनिटाचं काम हाय."

"तो डाग नाही. काही काढायचं नाही."

"लोक म्हणतील फोटो खराब छापला. दुकानाचं नाव जातं माझ्या."

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात माउसवरून बाजूला केला.

"एवढ्याशा कडेसाठी एवढं भांडण, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "ही कड मी घेतलीय."